आठ मीटरवरचा माणूस

आमच्या शेजाऱ्यांच्या फोर बाय फोरला दिवे पुरत नाहीत. कंपनीने दिलेल्या दिव्यांत रात्री काही म्हणजे काही दिसत नाही, हे त्यांचं मत चहाच्या टपरीपासून गावकीच्या बैठकीपर्यंत सगळ्यांना पाठ झालं आहे. ‘‘घाटात उतरलो की पुढचं वळण कळत नाही हो,’’ असं ते म्हणतात तेव्हा नवख्याला वाटावं, हा गृहस्थ रोज संध्याकाळी माळशेज उतरून घरी जेवायला येतो. प्रत्यक्षात ते भाईंदर स्टेशनकडून निघतात, मुर्धा मागे टाकतात आणि राईत पोचतात. या वाटेवरचा सर्वांत मोठा चढ म्हणजे गतिरोधक. दोन्ही बाजूंना मिठागरं आणि तिवरं. मिठागर तर सपाटच लागतं. जमिनीला जरा उतार पडला की पाणी एका कोपऱ्यात जाऊन बसतं आणि मीठ धरत नाही. म्हणजे ज्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या सपाटपणावरच पोट भरलं, तिथे आमचे शेजारी घाट शोधताहेत. डोंगरी नावाचं गाव पुढे आहे, पण तिथे त्यांची सासुरवाडी असल्यामुळे ते सहसा जात नाहीत.

तर दिवे. पहिल्यांदा त्यांनी बल्ब बदलले. मूळचा बल्ब एच-फोर जातीचा, साठ-पंचावन्न वॅटचा. अप्परला साठ, डिपरला पंचावन्न. त्याजागी नव्वद-शंभरचे आले. त्यांच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘केवळ ऑफ-रोड वापरासाठी’. मी ते बोट ठेवून दाखवलं. शेजारी खो खो हसले आणि त्यांनी माझं बोट खोक्यावरून उचलून समोरच्या रस्त्याकडे वळवलं. त्या आठवड्यात तो पाइपलाइनसाठी खणलेला होता. युक्तिवाद बिनतोड होता.

त्या बल्बांनी महिन्याभरात दिव्याचा होल्डर वितळवला. साठ वॅटसाठी ओढलेल्या वायरीतून शंभर वॅटचा करंट नेला की दुसरं काय होणार? मग एलईडी आले. बुडाशी पंखा लावलेले, सहा हजार केल्विनचे, म्हणजे निळसर पांढरे, ऑपरेशन थिएटरात शोभतील असे. पाकिटावर वीस हजार लुमेन लिहिलेले. साध्या एच-फोरची प्रमाणित कुवत अप्परला साडेसोळाशे लुमेन आणि डिपरला हजार. म्हणजे एका पाकिटात वीस जुन्या डिपरांचा उजेड, तोही मोबाइलच्या कव्हराच्या भावात. ज्या बाजारात दूधवाला लिटरमागे शंभर मिली पाणी घालतो, तिथे उजेड मात्र वीसपट मापून मिळतो, यावर विश्वास ठेवायला मोठं मन लागतं. शेजाऱ्यांचं मन मोठं आहे. त्यानंतर टपावर आडवा लाइट बार आला, बंपरवर चार गोल दिवे आले, आणि आता ती गाडी गल्लीत शिरली की कोंबडे आरवतात.

या सगळ्यात मला भेटला तो एक माणूस. तो केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये राहतो. पत्ता, नियम १०६. गाडीचा पुढचा दिवा कसा असावा हे सांगताना नियमाने एक माणूस उभा केला आहे. दिव्यापासून आठ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, आणि त्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर. दिव्याचा झोत असा खाली वळलेला हवा, किंवा चालकाला तो तसा खाली वळवता यायला हवा, की या माणसाचे डोळे दिपू नयेत. बस्स. त्याचं नाव नाही, गाव नाही, धंदा नाही. तो तिथे रात्रीबेरात्री का उभा आहे, कुणाची वाट बघतोय, घरचे त्याला शोधत नाहीत का, याची नोंद नाही. पण या देशात ज्याच्या डोळ्यांना मीटरवर मोजून संरक्षण आहे असा नागरिक तो एकटाच. मला त्याचा हेवा वाटतो.

मी त्याला राईत शोधायला लागलो. दीड मीटरवर डोळे म्हणजे माणूस साधारण पाच फूट तीन-चार इंचांचा. असे पुष्कळ आहेत. पण तो उभा कुठे आहे पाहा. गाडीच्या उजवीकडे अर्धा मीटर. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे गाडीची उजवी बाजू म्हणजे भर रस्ता. आमच्या रस्त्यावर गाडीच्या उजव्या अंगाला अर्धा मीटर सोडून माणूस उभा राहिला तर तो समोरून येणाऱ्या रिक्षाच्या मांडीवर बसेल. डावीकडे जावं तर गटार. तेव्हा कायद्याला अपेक्षित असलेला माणूस राईत उभा राहायला जागाच नाही. शिवाय तो उभाच आहे. चालत नाही, वाकत नाही, सायकलवर नाही. उत्तन-पालीकडून पहाटे म्हावऱ्याच्या पाट्या घेऊन येणाऱ्या मावश्यांपैकी एकही त्या मापात बसत नाही, कारण डोक्यावर ओझं असलं की मान आत जाते आणि डोळे दोन बोटं खाली येतात. रिक्षावाल्याचे डोळे दीड मीटरच्या खाली. स्कूटरवाल्याचे खाली. साध्या मोटारीत बसलेल्याचे तर आणखी खाली. क्लासहून येणाऱ्या पोराचे मीटरभरावर. आणि इथेच या नियमाची गंमत आहे. कायद्याने उजेड खाली वळवायला सांगितला, पण खाली कोण राहतं याची चौकशी केली नाही. आमच्या शेजाऱ्यांनी मोठे टायर घातले, सस्पेन्शन उचललं, त्याबरोबर दिवेही वर गेले. आता त्यांचा तथाकथित डिपर नेमका मारुतीच्या देवळापाशी बसणाऱ्या आजोबांच्या चष्म्यावर पडतो. आजोबा बसलेले असतात. बसलेल्या माणसाबद्दल नियम १०६ अवाक्षर काढत नाही.

त्या मावश्यांपैकी एकीने एकदा पहाटे पाटी खाली ठेवून गाडीच्या बॉनेटवर सरळ हात आपटला. ‘‘आरं बाला, दिवा खाली कर, मना काय दिसत नाय!’’ शेजाऱ्यांनी काच खाली केली आणि नम्रपणे सांगितलं, ‘‘मावशी, खालीच आहे.’’ ते खोटं बोलत नव्हते. डिपरची दांडी खालीच होती. वाद फक्त उजेडाशी होता, आणि उजेड दांडीचं ऐकत नव्हता.

का ऐकत नव्हता ते सांगतो, कारण हे गॅरेजवाले सांगत नाहीत. एच-फोर बल्ब हातात घेऊन पाहा. काच बोटांनी धरू नका, बोटांचं तेल लागलं तर तापल्यावर ती काच तिथेच फुटते. आत दोन तारा दिसतील. त्यातल्या डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक वाटी असते, करंगळीच्या नखाएवढी. दिव्याची सगळी सभ्यता या वाटीत साठवलेली आहे. तारेतून खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे मागच्या परावर्तकाचा फक्त वरचा भाग उजळतो आणि झोत रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या तोंडावर नाही. परावर्तकाचा बाक त्या तारेची जागा धरून, मिलिमीटरच्या हिशेबाने घडवलेला असतो. आता त्या जागी एलईडीचा ठोकळा बसवला. त्याच्या चिपा दोन बाजूंना, उजेडाची जागा भलतीकडे, आणि वाटी एक तर नाहीच, असली तर शोभेपुरती. परावर्तकाला कळेनासं होतं की उजेड आला कुठून आणि धाडायचा कुठे. मग तो सगळीकडे धाडतो. झाडावर, विजेच्या तारांवर, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, मावशीच्या डोळ्यांत. थोडा चुकून रस्त्यावरही पडतो. तो पडतो तोही गाडीच्या नाकापुढे, पाच-सात मीटरवर, पांढराफटक. त्या लख्ख तुकड्याने चालवणाऱ्याच्याच बाहुल्या आकसतात आणि दूरचं दिसणं आणखी कमी होतं. पावसात तर समोर पांढरा पडदाच. मग चालवणारा काय म्हणतो? दिवे कमी पडतात. आणि पुन्हा गॅरेजात जातो. या धंद्यात जो शिरला त्याची पोरं परदेशात शिकतील.

आता जरा रागाने बोलतो. डिपर मेला आहे. पूर्वी या देशातला प्रत्येक ट्रक आपल्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची विनंती रंगवून फिरायचा, लिंबू-मिरचीखाली, फुलापानांच्या नक्षीत. विनंती मागच्याला होती, पण सवय पुढच्यालाही लागायची. समोरून गाडी आली की बोटाने दांडी खाली, समोरच्याचीही खाली, दोघं आपापल्या वाटेने, ओळख ना पाळख. अंधारात एका अनोळखी माणसाने दुसऱ्याला ‘तू आहेस, मला दिसलास’ एवढं सांगायचं, त्याला पेट्रोल लागत नव्हतं. आज तुम्ही डिपर मारलात तर समोरचा चार दिवे आणखी पेटवतो, कारण त्याला वाटतं तुम्ही त्याला आव्हान दिलंत. आणि हे कोण? ज्यांना शाळेत रांगेत उभं राहायला शिकवलं ते. ज्यांच्या घरात पाहुण्याच्या डोळ्यांवर ऊन आलं तर पडदा ओढतात ते. स्टिअरिंगमागे बसला की माणसाला समोर माणूस दिसायचा बंद होतो, अडथळा दिसतो. आणि अडथळा नीट दिसावा म्हणून उजेड वाढवायचा. समोर म्हातारी असो, सायकलवरचा वॉचमन असो, पाच सेकंद आंधळा झालेला स्कूटरवाला असो. चाळीसच्या वेगाने पाच सेकंदांत स्कूटर पंचावन्न मीटर जाते. डोळे मिटून पंचावन्न मीटर. राईच्या रस्त्यावर तेवढ्यात दोन खड्डे, एक उघडं चेंबर, तीन कुत्री आणि एक वळण येतं, आणि वळणापलीकडे मिठागराचं पाणी. त्याला त्याच्या आईने रात्रीचं जेवण झाकून ठेवलेलं असतं. कुणाला पडली आहे! गाडीत मनमानी बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड लिहून ठेवला आहे. लिहून ठेवला आहे, एवढंच. दिवे तपासायचे तर रात्री तपासावे लागतात आणि तपासणी नाके दुपारी लागतात. दुपारी सगळे दिवे निर्दोष असतात.

आणि खरं सांगायचं तर शेजाऱ्यांचे मूळ दिवे अंधूक होते, यात खोटं काही नाही. या जातीच्या गाड्यांत ते असतातच. त्यावर उपायही आहे, आणि तो इतका स्वस्त आहे की गॅरेजवाला तो सुचवताना इकडेतिकडे बघतो. बॅटरीपासून जाड वायर ओढायची, मध्ये रिले बसवायचा, म्हणजे दिव्याचा करंट डॅशबोर्डातल्या बारीक वायरी आणि स्विच फिरून येत नाही. वाटेत दहा टक्के व्होल्ट गळाले तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो, असा हॅलोजनचा स्वभाव आहे. गळती थांबवली की तोच पंचावन्न वॅटचा बल्ब शहाण्यासारखा वागतो. पिवळी पडलेली काच घासायची. समुद्राच्या वाऱ्यात गंजलेलं अर्थिंगचं टोक खरवडायचं, राईत ते सगळ्यांचंच गंजतं. मग गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करून झोत लावून घ्यायचा, दहा मीटरवर साधारण दहा सेंटिमीटर खाली. सपाट जागा हवी असेल तर, पुन्हा सांगतो, मिठागराचा मुलूख आहे.

हे सगळं मी शेजाऱ्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘रिले बाहेरून दिसतो का?’’

दिसत नाही. बॉनेटखाली असतो, काळ्या डबीत. त्याचा फोटो काढून स्टेटसला लावता येत नाही. वाटीही दिसत नाही. भिंतीवर लावलेला झोत तर त्याहून दिसत नाही, त्याची खूण एवढीच की समोरचा माणूस शिव्या न देता निघून जातो, आणि न दिलेल्या शिवीचा व्हिडिओ होत नाही. माझं आपलं मत असं झालं आहे की शेजाऱ्यांना रस्ता दिसावा म्हणून दिवे नकोच आहेत. रस्ता त्यांना पाठ आहे, जन्म इथेच गेला. त्यांना दिवे हवे आहेत ते रस्त्याला आपण दिसावं म्हणून. धारावी किल्ला इथून फार लांब नाही, चौक गावात. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला तो बिनालाइट बारचा, हे मी त्यांना ऐकवून पाहिलं. ते म्हणाले, ‘‘त्यांना घाई नव्हती.’’

परवा गाडी पुन्हा गॅरेजात गेली. या खेपेला मागच्या बाजूला, नंबराच्या पाटीच्या वर, बावीस इंची बार बसणार आहे. रिव्हर्स घेताना अंधार होतो म्हणे. आजोबांनी आजपासून देवळाच्या दुसऱ्या पायरीवर बसायचं ठरवलं आहे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या त्या गरीब माणसालाही कुणीतरी कळवायला हवं की गाडीच्या मागे आठ मीटरवरही आता एक जागा रिकामी आहे, भाऊबंदांपैकी कुणी असेल तर पाठवून द्या.