गोल्फवाले साहेब

गोल्फवाले साहेब ओळखायचे ते खेळावरून नव्हे, बोलण्यावरून. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, बहुधा बढतीच्या पाठोपाठ, त्यांना हा खेळ जडतो. रविवार पहाटेपासून येरवड्याला पूना क्लबच्या मैदानावर किंवा चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात जातो आणि सोमवारी ते नवी भाषा घेऊन कचेरीत येतात. पंचाईत एवढीच, की या भाषेतले बहुतेक शब्द आपल्याकडे आधीच दुसऱ्या कामावर रुजू असतात.

सगळ्यात मोठा घोळ बोगीचा. ‘काल चार बोगी झाल्या’ असं साहेब घरी सांगतात, तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेले सासरे दचकून विचारतात, ‘कुठं घसरल्या हो, जावईबापू?’ साहेबांची बोगी म्हणजे एखाद्या होलसाठी नेमून दिलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे ‘पार’पेक्षा, एक फटका जास्त. मुळात हा इंग्रजांचा बागुलबुवा. १८९०च्या सुमारास चांगल्या खेळाडूला जितके फटके लागावेत त्या आकड्यालाच हे नाव पडलं आणि लोक या अदृश्य प्रतिस्पर्ध्याशी झुंजू लागले. लष्करी क्लबात त्याला कर्नलचा हुद्दा मिळाला, १९१४मध्ये त्याच्या नावानं बँडची धूनही निघाली. पुढे पारचं माप अधिक कडक झालं आणि बिचारा कर्नल एका फटक्यानं मागे पडला.

पारचंही तसंच. शेअर पारच्या, म्हणजे दर्शनी किमतीच्या, खाली गेला की गुंतवणूकदार कपाळाला हात लावतो. साहेब पारच्या खाली गेले तर पेढे वाटतील. अजून वाटलेले नाहीत. खेळ कसा झाला या प्रश्नाला त्यांच्या पत्नी परस्पर ‘पार वाट लागली’ असं उत्तर देतात, ते दोन्ही भाषांत बरोबर ठरतं.

‘नवा ड्रायव्हर घ्यावा म्हणतो, जुना सारखा उजवीकडे जातो,’ हे वाक्य साहेब गाडीत मागे बसून फोनवर बोलतात. बोलणं चेंडू सर्वांत लांब मारायच्या काठीबद्दल असतं. पण पुढे बसलेला माणूस स्टिअरिंग घट्ट धरतो आणि घरापर्यंत गाडी डावीकडूनच नेतो.

हँडिकॅप ही कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. टोपीत हात घालून चालणाऱ्या अदलाबदलीच्या जुन्या खेळातून हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत आला आणि तिथून गोल्फमध्ये. सूट जितकी कमी तितका मान मोठा. म्हणून लग्नसमारंभात साहेबांचा हँडिकॅप बारा असतो. पण सूट वजा करून बक्षीस मिळतं, त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी तो चोवीसवर जातो. वरची मर्यादा ५४ आहे, तेव्हा वाव भरपूर.

सर्वांत सूचक शब्द मात्र ‘लाय’. चेंडू जिथे आणि जसा पडतो ती त्याची लाय. ती हातानं किंवा पायानं सुधारायला नियमांत मनाई आहे. चेंडू उंच गवतात गेला, की साहेब मान वर करून आभाळाचा अंदाज घेतात. तेवढ्यात बुटाचं टोक काम उरकतं आणि चेंडू मोकळ्या हिरवळीवर येतो. इथे या इंग्रजी शब्दाचे दोन्ही अर्थ एका जागी भेटतात. कॅडी हे पाहतो आणि बॅगेतल्या काठ्या मोजू लागतो. त्या चौदापेक्षा जास्त चालत नाहीत, हा नियम साहेब कटाक्षानं पाळतात.

सेंट अँड्र्यूजच्या मैदानात १७६४ साली बावीसची अठरा होलं झाली आणि पुढे तीच संख्या जगभर रूढ झाली. एकोणिसावं होल म्हणजे क्लबाचा बार. तिथे साहेबांना एकाही फटक्याची सूट लागत नाही.