नॉर्मल माणसं भेटायला आली होती

आमच्या देगलूरात येडा माणूस ओळखणं सोपं. गावानं त्याला नाव ठेवलेलं असतं. नॉर्मल माणसाबद्दल म्हणे कोणी काही बोलत नाही. पण ज्याच्याबद्दल कोणी काहीच बोलत नाही, असा माणूस देगलूरात अजून जन्मायचाय.

माझा भाचा नांदेडला मानसशास्त्र शिकतो. सुट्टीत आला आणि मोंढ्यातला आडत्या सोयाबीन मुठीत घेऊन ओलावा बघतो तसा माझ्याकडं बघू लागला. "मामा, तुमची पर्सनॅलिटी नॉर्मल आहे का बघू." म्हटलं, "बघ. पण नॉर्मल कोण, हे ठरवलं कोणी?"

त्यानं जे सांगितलं त्यानं मला अमेरिकेबद्दल एकदम आपुलकी वाटली. १९४३ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या हॅथवे आणि मॅकिन्ली या दोघांनी एमएमपीआय नावाची चाचणी छापली. साडेपाचशेच्या आसपास विधानं. खरं की खोटं, एवढंच सांगायचं. मनोरुग्णांशी ताडून बघायला शहाणी माणसं हवीत, ती आणायची कुठून? तर विद्यापीठाच्या इस्पितळात पेशंटला भेटायला आलेले पाहुणेच धरले! स्वतः डॉक्टरचा इलाज चालू नाही ना? मग बसा, तुम्ही नॉर्मल. अशी ७०० च्या वर माणसं. त्यांतला सरासरी माणूस म्हणजे वय पस्तीस, लग्न झालेलं, गाव लहान, शिक्षण आठवी, हाताला कामधंदा. गोरा रंग सोडला तर हा गडी आमच्या बसस्टँडवर रोज दिसतो.

आता हॅथवेसाहेबांनी हेच टेबल आमच्या गावातल्या एखाद्या दवाखान्याच्या दारात मांडलं असतं तर? पेशंट एक, भेटायला जीपभर माणसं. त्यांतले दोघं पेशंटला ओळखतही नाहीत. जीपमध्ये जागा होती म्हणून आले. आत्याबाईंच्या डब्यात भाकरी आणि अंबाडीची भाजी. पायथ्याशी बसलेले काका पेशंटचीच मोसंबी सोलून खात, ह्याच दुखण्यानं आजवर कोण कोण गेलं ते गाववार सांगतायत. 'लोक माझ्याबद्दल बोलतात' अशा अर्थाचं विधान काकांपुढं ठेवा. "कोण बोलायलंय, नाव सांग की बाबा!" देवाशी खास संबंध असल्याचं विचाराल, तर वारकरी कीर्तनकार धुंडामहाराज देगलूरकरांच्या गावात विठोबाशी बोलणं सोडा, त्याच्याशी भांडणारेही पुष्कळ. शिवाय गाव तेलंगणा-कर्नाटकाच्या सीमेजवळचं, त्यामुळं इथला माणूस बायकोशी मराठीत, व्यापाऱ्याशी तेलुगूत, सोयऱ्यांशी कानडीत आणि रिक्षावाल्याशी दखनीत बोलतो. मराठीत गरीब गाय, दखनीत वाघ. फॉर्म कोणत्या भाषेतल्या माणसानं भरायचा?

माझा निकाल काय आला, ते भाच्यानं बहिणीला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं. इथं पुन्हा लिहीत नाही.

पुढं १९८९ मध्ये अमेरिकेनंच ते माप मोडीत काढलं आणि वेगवेगळ्या राज्यांतली २,६०० माणसं नव्यानं निवडली. देगलूरला तेव्हाही कोणी विचारलं नाही. तेव्हा तुमच्या हाती कोणी असा फॉर्म दिला, तर बिनघोर भरा. फक्त आधी विचारून घ्या, हे माप कोणावरून घेतलंय, आणि ती माणसं त्या दिवशी कोणाला भेटायला आली होती.