भाकड गाईच्या लाथा

पुण्यात दुकानदाराने गोड बोलावं अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही. तो फारच गोड बोलायला लागला तर आम्ही पुडा उलटा करून तारीख बघतो. चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं, यावर गावाने वर्षानुवर्षं विनोद केले. आणि २०१७ साली ते दुपारीही उघडं राहू लागलं तेव्हा आनंद व्हायचा सोडून अनेकांना पोरकंच वाटलं. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर, १९५५ साली सुरू झालेल्या कयानी बेकरीसमोर श्रूजबेरी बिस्किटांसाठी माणसं आजही रांगेत उभी राहतात. संपली म्हटलं की संपली, घासाघीस नाही. कुणाचं काही म्हणणंही नसतं, कारण त्या बिस्किटात लोणी बोलतं; काउंटरवरचा माणूस नाही बोलला तरी भागतं. दुभत्या गाईच्या लाथा गोड, हा व्यवहार आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या मान्य आहे.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी जी बेकरी आहे तिने यातल्या फक्त लाथा उचलल्या आहेत.

काउंटरमागचे गृहस्थ मालक आहेत की मालकाचे मेहुणे, हे कॉलनीत नक्की कुणाला ठाऊक नाही. बसण्याच्या पद्धतीवरून मेहुणे वाटतात. गिऱ्हाईक आलं की ते मोबाइलवरची नजर न काढता ‘बोला’ म्हणतात. वयाने माझ्यापेक्षा सहज दहा वर्षांनी मोठे असतील, पण मला ‘काकू’ म्हणतात. काचेवर पाटी आहे : ‘काचेला बोट लावू नये. पदार्थाचे नाव सांगावे.’ आत एकाही पदार्थावर नावाची चिठ्ठी नाही. तेव्हा ‘ते पिवळं, चौकोनी, वरून खोबरं असलेलं’ असं वर्णन करत उभं राहावं लागतं आणि मागचा माणूस आपल्याकडे हरवलेलं पाकीट शोधायला आल्यासारखा बघत राहतो.

“पॅटिस ताजे आहेत का?”

“मग शिळे विकतो का?”

“तसं नाही, आजचे आहेत का?”

“आजच विकतोय ना.”

यावर काय बोलणार? घेतले. ‘गरम करून देतो’ म्हणाले आणि मायक्रोवेव्हमध्ये सारले. खारीचं आणि पॅटिसचं सगळं वैभव पापुद्र्यात असतं. मैदा लाटायचा, त्यावर वनस्पती तूप पसरायचं, घडी घालायची, परत लाटायचं, परत घडी. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, तुपामुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत आणि पॅटिस फुगून उठतं. एवढी कुणाची तरी पहाटेची मेहनत हे गृहस्थ अर्ध्या मिनिटात निकालात काढतात. आतल्या बटाट्याची वाफ निघते ती थेट पापुद्र्यांत मुरते. घरी येईपर्यंत पॅटिस इतकं मऊ पडतं की त्याची आणखी एक घडी सहज घालता यावी. बटाटा मात्र जीभ भाजेल एवढा.

पेस्ट्रीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. पायनॅपल आणि ब्लॅक फॉरेस्ट असे दोन प्रकार असतात. डोळे मिटून खाल्ले तर फरक कळत नाही आणि डोळे उघडे ठेवून खाववत नाहीत. मुळात ब्लॅक फॉरेस्ट हे जर्मनीतलं अरण्य; तिथल्या केकात खरी चेरी असते आणि चेरीपासून काढलेली दारूही घालतात. आपल्याकडे बहुतेक बेकऱ्यांत वर जी लालचुटूक चेरी बसवलेली असते ते असतं करवंद. बिया काढून, पाकात मुरवून, रंगात बुडवलेलं. उन्हाळ्यात पाटीतून ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून दारावर येणारी ही बाई बेकरीत शिरली की जर्मन होते. टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. माझी त्याला हरकत नाही. करवंद उत्तमच फळ आहे. पण ते निदान चावता यावं! इथलं दातांखाली गेलं की उडी मारून गालात जाऊन बसतं.

आणि ते क्रीम. लोणी तोंडाच्या उबेने वितळतं, म्हणून ते खाताना जीव सुखावतो. स्वस्त पेस्ट्रीतलं क्रीम सायीचं नसतं, घट्ट केलेल्या वनस्पती तेलाचं असतं. उकाड्यात उभं राहावं म्हणून ते केलेलं, आणि आमच्या बेकरीतलं तर तोंडातही उभंच राहतं. गरम चहाचा घोट घेतल्याशिवाय टाळू सोडत नाही. केकचा भाग मात्र कोरडा ठक्क. मी एकदा धीर करून म्हटलं, “पेस्ट्री कोरडी होती हो.”

“फ्रिजमध्ये ठेवली की कोरडी होणारच.”

“मग ठेवता कशाला?”

“नाही ठेवली तर खराब होईल.”

तरी लोक जातात तिथे. मीही जाते. कारण ती जवळ आहे आणि रात्री साडेनऊला पाव मिळतो. बेकरी चालते ती या दोन गुणांवर, आणि गृहस्थांना ते पक्कं ठाऊक असल्यामुळे तिसरा गुण अंगी बाणवायची त्यांना गरज वाटलेली नाही.

परवा मावशीची पंच्याहत्तरी झाली. मोठ्या दुकानात केक सांगायचं माझ्या भावाने कबूल केलं होतं. भाऊ असल्यामुळे तो विसरला. ऐन वेळी आमच्या बेकरीत गेले. पायनॅपल केक होता. म्हटलं, आकड्यांच्या मेणबत्त्या द्या, सात आणि पाच.

“पाच संपला. दोन आहे.”

“दोन घेऊन काय करू?”

गृहस्थांनी प्रथमच मोबाइल खाली ठेवला. इंग्रजी दोनचा आकडा उचलून पाठमोरा धरला. “पाच दिसतो की नाही?”

दिसत होता. जरा बाकदार, पण पाचच. पैसे पंच्याहत्तरचेच लावले, म्हणजे दोन्ही मेणबत्त्यांचे पुरते.

संध्याकाळी केक टेबलावर आला. फोटोसाठी मावशी केकच्या मागे बसली, आम्ही सगळे पुढून. आम्हाला पंच्याहत्तर दिसत होते. मावशीला पलीकडून आधी सरळ दोन आणि मग उलटा सात. तिने चष्मा वर-खाली केला, पुन्हा वाचलं आणि लाजली.

“अगं, सत्तावीस! कुठल्या बेकरीतून आणलास गं? फार रसिक माणूस दिसतो. पुढच्या वर्षीही तिथूनच आण.”

बाकीच्यांनी टाळूवरचं क्रीम जिभेने सोडवत माझ्याकडे पाहिलं. मावशीला मधुमेह आहे. केक तिने तोंडात घातलाच नव्हता.