इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठेही जा, मराठी वस्तीत हा गृहस्थ सापडतोच. बँकेतून किंवा कॉलेजातून निवृत्त झालेला असतो, पोह्यांवर जीरावन वेगळं मागून घेतो आणि एकोणिसाव्या शतकात राहतो. सोयीसाठी त्याला भाऊसाहेब म्हणू.

भाऊसाहेबांचा गोतावळा मोठा आहे. फक्त त्यातलं कुणी हयात नाही. डार्विनचा उल्लेख ते शेजारच्या गल्लीत बदलून गेलेल्या साहेबासारखा करतात. "सुमारे दोन हजार लोकांशी पत्रव्यवहार होता त्यांचा. आज पंधरा हजार पत्रं हाती आहेत. आणि आमचे चिरंजीव! पुण्याहून अंगठा पाठवतात, निळा." १८५८ साली वॉलेसचं मलाया द्वीपसमूहातून फेब्रुवारीत लिहिलेलं पत्र डार्विनला जूनमध्ये मिळालं, ही हकीकत सांगताना तर त्यांचा चेहरा उजळतो. त्या पत्रातल्या नैसर्गिक निवडीच्या कल्पनेबद्दल ते फारसं बोलत नाहीत. चार महिने लागले याचंच त्यांना कौतुक.

पण डार्विन झाला तरी परका. 'आपले' म्हणजे सीहोरचे सुबाजी बापू. इंदूरहून भोपाळला जाताना सीहोर आलं की भाऊसाहेब बसमध्ये पेंगणाऱ्या शेजाऱ्याला उठवतात. तो बिचारा भोपाळ आलं समजून पिशवी उचलतो आणि त्याला सुबाजी ऐकावे लागतात.

ऐकण्यासारखे आहेत, हे मात्र खरं. भोपाळ दरबारचा पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन सीहोरला राहत असे. कोपर्निकस एकदम डोक्यावर आदळण्यापेक्षा आधी भास्कराचार्य नीट शिकवा, म्हणजे पुराणातला सपाट भूगोल आपोआप सुटेल, असं त्याचं म्हणणं. १८३४ साली त्याने एशियाटिक सोसायटीच्या जर्नलात ते छापलंही. त्याच्या पाठशाळेतल्या सुबाजी बापूंनी १८३६ साली मराठीत 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' लिहिला. पुराणं, ज्योतिषाचे सिद्धान्त आणि कोपर्निकस अशा तिघांना समोरासमोर उभं करून त्यांनी कौल दिला कोपर्निकसाला. पुण्याहून यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनी 'अविरोधप्रकाश' लिहून पुराणं आणि सिद्धान्तांत मुळी विरोधच नाही असं बजावलं. इकडून त्याचाही समाचार घेतला गेला. मग विल्किन्सनला 'वज्रसूची' छापावीशी वाटली. जातिभेदावर घाव घालणारा हा संस्कृत ग्रंथ नेपाळातल्या हॉजसनने उजेडात आणला होता. सुबाजींनी अट घातली: छापा, पण शेजारी माझं खंडनही छापा. १८३९ साली दोन्ही एकत्र निघाले. सूर्याला मध्यभागी बसवायला तयार असलेला माणूस ब्राह्मणाला तिथून हलवायला तयार नव्हता. भाऊसाहेब हे वाक्य मला म्हणू देत नाहीत. सुबाजींवरची टीका त्यांना लेखी हवी असते.

भाऊसाहेबांच्या टेबलावर इनलँड पत्रांचा गठ्ठा, डिंकाची बाटली आणि कार्बन पेपर असतो. प्रत्येक पत्राची नक्कल ठेवतात, नकलेवर जावक क्रमांक टाकतात. आवक क्रमांकांची वही मात्र आत्ताआत्तापर्यंत कोरी होती. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत असं ते सांगतात. वहिनी म्हणतात, "रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन आले होते, म्हणून नाही जेवले."

गेल्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या टाकीचं पाणी यांच्या खिडकीवर पडायला लागलं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, त्यामुळे धारही एक दिवसाआड. दुसरा कुणी जिना चढून ओरडला असता. भाऊसाहेबांनी पत्र लिहिलं. 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असा आरंभ, मग धारेची वेळ, जाडी, कोन आणि तिसऱ्या पानावर वरच्या जोशींच्या एकंदर विचारशक्तीबद्दल काही शंका. खाली 'आपला कृपाभिलाषी'. पत्र तिकीट लावून पेटीत टाकलं. ते बडा डाकघर पाहून त्याच इमारतीत परत यायला पाच दिवस लागले. मधल्या काळात दोघे जिन्यात रोज भेटत. भाऊसाहेब हसून बाजूला होत. विषय काढायचा नाही, कारण पत्र अजून पोचायचं होतं.

इथे मला त्यांच्या दैवतांची आठवण करून द्यावीशी वाटते. डार्विनने बिया समुद्र ओलांडतील का, असं जगाला विचारलं खरं, पण १८५५ मध्ये घरात बरण्या मांडून खाऱ्या पाण्यात त्या स्वतः भिजवल्याही. भाऊसाहेबांनी त्याच्याकडून फक्त विचारणं घेतलं. टाकीपर्यंत पंधरा पायऱ्या आहेत. तिथला फ्लोट त्यांनी अद्याप पाहिलेला नाही.

जोशीही कच्चे निघाले नाहीत. आठवड्याने पोस्टकार्ड आलं: 'सा. न. वि. वि. आपले पत्र पावले. धार आमची नसून आपल्याच गच्चीतील जुन्या पाइपाची असावी, असे आमचे नम्र मत आहे. सविस्तर खंडन मागाहून.' आवकेच्या वहीत पहिला क्रमांक पडला. वहिनींनी त्या दिवशी शिरा केला होता, पण तो वेगळ्या कारणाने.

आता आठवं पत्र जाऊन आलंय. जोशींनी मध्ये एक आकृती पाठवली, भाऊसाहेबांनी तिच्यातल्या तीन चुका दाखवल्या. खिडकीखाली शेवाळ धरलं आहे, त्यावरही टिपण तयार होतंय. परवा वहिनींनी कंटाळून परस्पर प्लंबर बोलावला. तो वर जाऊन दोन मिनिटांत खाली आला. "बाबूजी, बस वॉशर बदलना है. पचास रुपये."

भाऊसाहेबांनी त्याला चहा दिला, पन्नास रुपयेही दिले आणि वॉशर न बदलताच परत पाठवलं. जोशींचं उत्तर अजून यायचं होतं.