पहिली पायरी गिळणाऱ्या लांडाऊ-झेनर उडीस

लांडाऊ-झेनर उडी,

पायरी गिळलीस तू आणि बोभाटा झाला मायोराना अवस्थांच्या नावाने. म्हणून हे पत्र थेट तुला. नमस्कार लिहिलेला नाही, तो मुद्दामच.

दोन अतिवाहकांमधल्या जोसेफसन जोडावर सूक्ष्मलहरी सोडल्या की विद्युतदाब पायऱ्यापायऱ्यांनी चढतो; याच शापिरो पायऱ्या. १ गिगाहर्ट्झला शापिरोची एक पायरी साधारण २ मायक्रोव्होल्टची. टोपोलॉजिकल जोडात मायोराना अवस्था असतील, तर अतिप्रवाहाचं चक्र जोडाच्या दोन बाजूंमधल्या कलांतराच्या ३६० अंशांऐवजी ७२० अंशांनी पुरं होतं आणि विषम पायऱ्या नाहीशा होतात. २०१२ मध्ये इंडियम अँटिमोनाइडच्या तारेत पहिली पायरी दिसेना. २०१६ मध्ये वुर्झबुर्गला मर्क्युरी टेल्युराइडच्या जोडातही ती हरवली. किती आशा लागल्या होत्या त्या रिकाम्या जागेवर!

तुझी रीत आम्हाला ठाऊक आहे. जोड इलेक्ट्रॉनांसाठी फार पारदर्शी असला की १८० अंशांपाशी त्यातल्या दोन अँड्रीव्ह ऊर्जापातळ्यांमध्ये नावापुरती फट उरते. खालच्या पातळीवरून मुकाट जायचं सोडून तू ती फट ओलांडतेस, आणि साधासुधा जोडही ७२० अंशांचं सोंग वठवतो. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी टोपोलॉजीचा मागमूस नसलेल्या ॲल्युमिनियम-इंडियम आर्सेनाइडच्या जोडात पायरी गायब झालेली दाखवली, तेव्हा तू रंगेहाथ सापडलीस. (मायोरानाच्याच दाव्याचा डेल्फ्टचा २०१८ चा निबंध २०२१ मध्येच मागे घेतला गेला, पण त्यातला दावा वेगळ्या खुणेवर उभा होता. ते खापर तुझ्यावर फोडत नाही.)

संताप आणखी एका गोष्टीचा आहे. १९३२ मध्ये तुझं गणित लांडाऊ, झेनर आणि श्ट्युकेलबेर्ग यांच्याप्रमाणे एत्तोरे मायोरानानेही मांडलं होतं. या अवस्थांना ज्यावरून नाव मिळालं तो, स्वतःचाच प्रतिकण असलेला कण त्याने कागदावर आणला १९३७ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी तो स्वतः बेपत्ता झाला. ज्याने तुला आकार दिला, त्याच्याच नावाची खोटी सही करतेस?

कलांतर सावकाश फिरवून तुला उघडं पाडावं, तर तेवढ्या वेळात एखादा सुटा क्वासिकण जोडात शिरतो आणि खऱ्या अवस्थेचंही चक्र मोडतो. हीच तुझी ढाल. म्हणून ज्यांना पायरी सापडत नाही त्यांनी आधी जोडाची पारदर्शकता मोजावी, त्याच पदार्थाचा टोपोलॉजी नसलेला जोड शेजारी ठेवून तीच मोजणी करावी, आणि तिथेही पायरी गायब असेल तर मायोरानाचं नाव उच्चारू नये. तोवर संशयितांच्या यादीत पहिलं नाव तुझंच राहील.