फाशांच्या तुरुंगाधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय तुरुंगाधिकारी,
फासे कारागृह, टेबलाचा डावा कोपरा.



डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर आपण जी न्यायव्यवस्था उभी केली आहे, तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. वीस बाजूंच्या फाशाने लागोपाठ दोनदा तीन दाखवले की आरोपपत्र नाही, वकील नाही, तारखांवर तारखा नाहीत. आरोपी थेट काचेच्या बरणीत. झाकण लागते आणि थैलीतून दुसरा, अजून निष्कलंक असलेला फासा बाहेर येतो. वर्तणूक चांगली असलेले फासे वीसचा आकडा वर करून रांगेत मांडलेले असतात, म्हणे त्यांना सवय लागावी म्हणून. फेकण्याआधी फुंकर ठरलेली. शेजाऱ्याचा हात चुकून लागला, तर फासा बाटला. याला कुणी अंधश्रद्धा म्हणेल, मी म्हणणार नाही. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. आपण आपल्या श्रद्धेचा शेवटपर्यंत विचारच केलेला नाही.

कारण शक्यता दोनच आहेत. पहिली, फाशाला स्वभाव नसतो. मग आपली बरणी हे एक खेळणे आहे, गोड आहे, असू द्यावे. दुसरी, फाशाला स्वभाव असतो. काही फासे खरोखरच मोठे आकडे जास्त दाखवतात आणि आपण महिनोन्‌महिने निरीक्षण करून तेच वेचून काढले आहेत. ही दुसरी शक्यता खरी असेल, तर आपण मनासारखे दान देणारे फासे निवडून त्यांनीच खेळत आहात, आणि या उद्योगातल्या एका मामांना आपल्याकडे चांगलेच ओळखतात. म्हणजे तुरुंग तरी निरर्थक किंवा तुरुंगाधिकारी तरी लबाड. आपण लबाड नाही, याची मला खात्री आहे. तेव्हा पहिल्या शक्यतेकडे वळू.

आपण म्हणाल, 'पण पाच वेळा ओळीने हुकले, त्याचे काय?' हिशेब करून पाहू. अकरा किंवा जास्त हवे असताना हुकण्याची शक्यता निम्मी. एका बैठकीत तीस फेका झाल्या असे धरले, तर कुठे ना कुठे सलग पाच हुकण्याची शक्यता एका खेळाडूपुरती साधारण ३७ टक्के निघते. टेबलाभोवती असे पाच जण असले, तर त्यांच्यापैकी निदान एकावर ही आपत्ती ओढवण्याची शक्यता जवळपास ९० टक्के होते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक बैठकीत कुणीतरी 'आज माझा फासा रुसलाय' म्हणणारच, आणि तो फासा पूर्णपणे निर्दोष असू शकतो. दर बैठकीला एक निरपराध आत जातो, असा हा कारभार आहे. शिवाय लागोपाठ पाच यशस्वी फेका करणाऱ्या फाशाची चौकशी आपण कधी केल्याचे ऐकिवात नाही. नियमपुस्तकालाही ही दानत ठाऊक असावी. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने अनुकूल परिस्थितीत दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सोय केली. तेवढ्याने नॅट ट्वेंटीची, म्हणजे फाशावर वीसच पडण्याची, शक्यता ५ टक्क्यांवरून ९.७५ टक्क्यांवर जाते. फुंकरीने ती किती वाढते, ते नियमपुस्तकात दिलेले नाही.

यावर आपल्या बाजूने एक भक्कम साक्षीदार उभा राहतो, आणि त्याला उडवून लावणे अन्यायाचे होईल. लू झोकी हे अमेरिकेतले जुने फासेवाले. घोटून गुळगुळीत केलेल्या फाशांच्या कडा सारख्या झिजत नाहीत, म्हणून ते सर्व बाजूंना सारखे पडत नाहीत, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले आणि धारदार कडांचे फासे विकले. (त्यांनीच १९८५ मध्ये शंभर बाजूंचा फासा आणला. तो इतका चेंडूसारखा की थांबायचे नावच घेत नसे.) कारखान्यातून निघालेला प्रत्येक फासा आदर्श नसतो, हे कबूल. पण दोष शोधायला किती चिकाटी लागते, ते पाहा. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एफ. आर. वेल्डन यांनी १८९४ च्या सुमारास बारा साध्या फाशांचा संच २६,३०६ वेळा टाकून नोंदी केल्या. पाच किंवा सहा पडण्याचे प्रमाण ०.३३३३ असायला हवे होते, ते ०.३३७७ भरले. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली काय-वर्ग चाचणी मांडली, तेव्हा हीच आकडेवारी तपासून हे फासे निखळ नाहीत असा निष्कर्ष काढला. आपला वीस बाजूंचा फासा ५ ऐवजी ६ टक्के वेळा वीस दाखवतो, एवढा ढळढळीत दोष धरला, तरी त्याचा नुसता रास्त संशय घ्यायला सुमारे १,९०० फेका लागतील. बैठकीला तीस फेका आणि आठवड्याला एक बैठक धरली, तर सव्वा वर्ष. आपण दोन फेकांत निकाल देता. नळराजाची गोष्ट या ठिकाणी आठवावी. ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडावरची पाने-फळे न तोडता त्यांची संख्या सांगितली, नळाने झाड पाडून ती मोजून पाहिली आणि आकडा जुळल्यावरच त्याने ऋतुपर्णाकडून अक्षविद्या घेतली. त्या कथेत फाशांचे रहस्य जाणणारा माणूस मोजणारा आहे. फुंकर मारणारा तिथे कुणी नाही.

फुंकर मारणाऱ्यांवरही अभ्यास झालेला आहे, काळजी नसावी. जेम्स हेन्सलिन या समाजशास्त्रज्ञाने सेंट लुइसमधल्या टॅक्सीचालकांचा क्रॅप्स नावाचा फाशांचा जुगार जवळून पाहिला आणि १९६७ मध्ये त्यावर लिहिले. लहान आकडा हवा असला की ती मंडळी फासे हळुवार सोडत, मोठा हवा असला की जोरात. आपल्या टेबलावर ड्रॅगनवर वार करताना फासा भिंतीपर्यंत का उडतो आणि कुलूप उघडताना तो तळहातातून अलगद का उतरतो, याचे उत्तर त्यात आहे. माणसाला निकालावर ताबा नसला की तो हालचालीवर ताबा मिळवतो. हे मानवी आहे आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. वस्तूवरचा जीवही समजण्यासारखा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये आला, तेव्हा असे फासे शैक्षणिक साहित्य विकणाऱ्यांकडून मिळवावे लागत, आणि ते इतक्या मऊ प्लास्टिकचे असत की वापरून कडा गोल होत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या संचांत तर आकड्यांच्या खाचांत मेणाचा खडू घासून ते वाचण्याजोगे करण्याचे काम खेळाडूकडेच होते. स्वतः रंगवलेल्या वस्तूवर माया जडणारच. पण त्याच्या थोडे आधी, १९७९ च्या सुमारास, फाशांचा तुटवडा पडला आणि हा खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीने खोक्यांत फाशांऐवजी आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या. चकत्या कापायच्या, पेल्यात घालायच्या, न बघता एक काढायची. खेळ चालला. राक्षस मेले, खजिने सापडले, कुणी पुठ्ठ्याला तुरुंगात टाकल्याची नोंद नाही. टेबलाला लागतो तो आकडा, आणि तो आकडा सगळ्यांना मान्य असणे.

इथे मी मूळ मुद्द्यावर येतो, कारण बरणीचा विषय खरे तर निमित्त होता. फाशाबाबतच्या सवयी दोन प्रकारच्या असतात. काही फेकीच्या आधीच्या, काही नंतरच्या. आधी काय वाटेल ते करा. मंत्र म्हणा, थैली बदला, फासा उन्हात ठेवा. त्याने आकडा बदलत नाही आणि कुणाचे काही जात नाही, चार मिनिटे सोडली तर. बिघडते ते आकडा दिसल्यानंतर नियम ठरू लागले की. फासा वहीच्या कडेला टेकून तिरका थांबला. अठरा दिसत असले तर 'स्पष्ट दिसतंय की', चार दिसत असले तर 'अरे, हा तिरका आहे, परत टाकतो'. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, अजून फेक मागितलेलीच नाही, तरी हात चाळा म्हणून फासा टाकतो. वीस पडले की 'ही धरायची ना?', सात पडले तर तो सराव. गल्ली क्रिकेटमधल्या ट्राय बॉलची ही सख्खी भावंडे: आऊट झाला तर ट्राय होता, चौकार गेला तर धावा मोजा. आणि या सगळ्यांत वाईट सवय सर्वांत शांत असते. फासा थांबतो न थांबतो तोच तो उचलायचा आणि मग आकडा सांगायचा. अशा खेळाडूने कधीही खोटे सांगितलेले नसेल. पण त्याने टेबलाकडून साक्षीदार होण्याचा हक्क काढून घेतला, आणि पुढचे प्रत्येक 'नॅट ट्वेंटी!' थोडे पोकळ वाजते. सज्जन माणसाने स्वतःवर संशय ओढवून घ्यायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका २०१६ मध्ये आली आणि तिच्या पहिल्याच भागाने या खेळाला नवे प्रेक्षक मिळवून दिले. त्यातला फाशाचा प्रसंग आपण पुन्हा पाहावा. डेमोगॉर्गन नावाचा राक्षस समोर उभा, विल अग्निगोळा सोडायचे ठरवतो, तेरा किंवा जास्त हवे आहेत, आणि फासा टेबलावरून उडून जमिनीवर जातो. आरडाओरड, शोधाशोध, वरून आईची हाक. शेवटी फासा सापडतो आणि आकडा निघतो सात. डीएम असलेल्या माइकने पाहिले नाही ना, मग तो धरायचा नाही, असा मित्राचा व्यवहारी सल्ला. विल मात्र निघताना माइकला सांगून टाकतो की सात पडले आणि डेमोगॉर्गनने त्याला गाठले. खाली पडलेला फासा धरायचा की नाही हे त्या पोरांनी आधी ठरवलेले नव्हते, म्हणून सगळा भार एका मुलाच्या प्रामाणिकपणावर पडला. प्रत्येक टेबलाला विल मिळत नाही. आणि ज्या टेबलाला मिळतो, तिथेही त्याची दर आठवड्याला परीक्षा घेणे बरे नव्हे. शिष्टाचाराचे काम तेवढेच असते: भल्या माणसाला मोहाशी एकट्याने झुंजावे लागू नये.

'खेळच तर आहे, एवढा काथ्याकूट कशाला?' हा आक्षेप मी आपल्या वतीने नोंदवून ठेवतो. इथे पैसा लागलेला नाही, हे खरे. पण म्हणूनच तर आकड्याची किंमत जास्त. या खेळात पटावर काहीच नसले तरी चालते. गुहा, राजकन्या, शाप हे सगळे पाच माणसांनी मान्य केले म्हणून आहे. त्यातली एकच गोष्ट कुणाच्या मर्जीवर नसते, ती म्हणजे टेबलावर थांबलेला फासा. तीही वाटाघाटीची झाली, तर उरते ती मोठ्याने बोलणाऱ्याची गोष्ट. लाजरा नवखा खेळाडू आपला तिरका फासा मुकाट्याने चार म्हणून मान्य करतो आणि जुना खेळाडू आपला परत टाकतो, हे दृश्य ज्या टेबलावर दिसते तिथे अन्याय फाशाने केलेला नसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो पडद्याआडून येतो. डीएम मंडळी म्हणतात, 'आम्ही लपून फेकतो आणि कधीकधी आकडा बदलतो, तो गोष्टीसाठी; तुमचा नियम आम्हालाही लावणार का?' त्यांच्या बाजूला खुद्द गायगॅक्स आहेत. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये त्यांनी लिहिले आहे की खेळाडूने सगळे शहाणपणाने केले आणि तरीही विचित्र दानाने त्याचे पात्र मरत असेल, तर डीएम मरणाऐवजी बेशुद्धी किंवा अवयव गमावणे अशी शिक्षा देऊ शकतो. पण ही सवलत नीट वाचावी. तिथे फासा खोटा पाडलेला नाही. हुकल्याची किंमत वसूल होतेच, फक्त ती मरणाऐवजी वेगळ्या रूपात. लपून फेकण्यालाही माझी हरकत नाही. दाराआड कुणी आहे का हे पात्राला कळत नसेल, तर खेळाडूलाही आकडा दिसू नये, हे योग्यच. हरकत आहे ती आकडा पाहून तो नापसंत करण्याला. जो निकाल आपल्याला सोसणारच नाही, त्यासाठी फासा टाकूच नये. गोष्ट अमुकच वळणाने जायला हवी असेल, तर तसे सांगून टाकावे. एरिक वुजिक यांचा अँबर हा खेळ १९९१ पासून फाशांशिवायच चालतो आणि तो राजरोस चालतो. फासे टाकायचे आणि ऐकायचे मात्र स्वतःचेच, हा प्रकार आपल्या बरणीपेक्षा वाईट आहे. तिथे निदान शिक्षा उघड्यावर होते.

हे सगळे नवे दुखणे आहे, असे समजू नये. जर्मनीत फ्रॉइट्सहाइमजवळ १९८५ मध्ये चौथ्या शतकातला एक रोमन फासे-मनोरा सापडला. धातूच्या पत्र्याचा, आत उतरते अडथळे, बाहेर पडण्याच्या जागी घंटा. फासे वरून सोडायचे आणि हात बाजूला घ्यायचा. पिक्ट लोकांवरच्या विजयाचा उल्लेख करून निर्धास्तपणे खेळा असे त्यावर कोरलेले आहे. निर्धास्त वाटायला शत्रूचा पराभव पुरेसा नव्हता, मनोराही लागला, असे मी त्यातून समजतो. दुकानांत आज मिळणारे शोभिवंत मनोरे आणि मखमली ताटे यांचे खरे काम तेच आहे, आणि ज्यांच्याकडे ती नाहीत त्यांचे काम जेवणाच्या ताटाने भागते.

तेव्हा पुढच्या बैठकीत पहिला फासा हातात घेण्यापूर्वी, कृपया पाच मिनिटे द्यावीत. फासा ताटातच पडला पाहिजे; बाहेर गेला तर, आकडा कोणताही असो, परत टाकायचा. तिरका थांबला तर त्यावर दुसरा फासा ठेवून पाहायचा. वरचा टिकला तर आकडा खरा, घसरला तर फेक पुन्हा. डीएमने मागितल्याशिवाय टाकलेला फासा मोजायचा नाही, वीस असले तरी. विशेषतः वीस असले तरी. शेजाऱ्याने पाहेपर्यंत फाशाला हात लावायचा नाही. दुसऱ्याचे फासे विचारल्याशिवाय उचलायचे नाहीत, कारण त्याची श्रद्धा आपल्यापेक्षा हळवी असू शकते. यांतला एखादा नियम आपल्या टेबलाला पटला नाही तर खुशाल बदला, पण फेकीच्या आधी बदला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
उजव्या हाताचा शेजारी