बुडबुडानिर्णय, अर्थात सोलापूरच्या स्लॅबमधील हवेचा शास्त्रार्थ

काँक्रीटमधल्या बुडबुड्याला सोलापुरात वास्तव्याचा अधिकार आहे काय, या प्रश्नाकडे विद्वानांनी अक्षम्य दुर्लक्ष केले आहे. चादर, शेंगाचटणी, सिद्धेश्वर तलाव यांवर लिहिणारे उदंड झाले. डोक्यावरच्या स्लॅबमध्ये दडलेल्या हवेची मात्र कोणी साधी विचारपूस केली नाही.

पूर्वपक्ष म्हणतो, बुडबुडा उपकारी आहे. त्याचा आधार पार अमेरिकेतला. 1930 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातले काही काँक्रीटचे रस्ते कडाक्याच्या थंडीतही उखडेनात. चौकशीअंती कळले, की त्यांचे सिमेंट दळताना गिरणीत चरबी घातली होती आणि तिच्यामुळे काँक्रीटभर बारीक बुडबुडे टिकून राहिले होते. आत मुरलेले पाणी गोठून फुगले, की त्याला पसरायला तिथे जागा मिळे. तेव्हापासून थंड मुलुखांत लोक पैसे मोजून काँक्रीटमध्ये हवा भरून घेतात.

उत्तरपक्ष चार शब्दांचा आहे. सोलापुरात पाणी गोठत नाही. मे महिन्यात जिथे पारा 43-44 अंशांवर जातो, तिथे बर्फासाठी जागा राखून ठेवणे ही चैन झाली. आणि ती महागात पडते. हवा 1 टक्का वाढली, की काँक्रीटची ताकद ढोबळमानाने 5 टक्के घटते. तपासणीच्या 15 सेंटिमीटरच्या ठोकळ्यात 1 टक्का म्हणजे जेमतेम 34 घनसेंटिमीटर. पण 100 चौरस मीटरचा, साडेबारा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब घेतला, तर हिशेब 125 लिटरवर जातो. एवढी हवा घरमालक काँक्रीटच्या भावाने विकत घेतो आणि वर पेढेही वाटतो.

स्मृतिग्रंथांत मतभेद आहेतच. काँक्रीटच्या प्रमाणाचे भारतीय मानक, आयएस 10262, याची 1982 ची आवृत्ती 20 मिलिमीटर खडीसाठी 2 टक्के हवा गृहीत धरते. 2019 ची आवृत्ती 1 टक्क्यावर येते. मधल्या 2009 च्या आवृत्तीने या बाबतीत मौन पाळले. त्या मौनाचा अर्थ काय, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे आणि तो कोणी लिहू नये.

आता मुख्य गंमत. ही हवा येते कुठून? थोडी मिक्सरच्या घुसळणीत येते. बाकीची आपणच बोलावतो. पाणी कमी घालूनही माल वाहता राहावा म्हणून हल्ली त्यात पॉलिकार्बोक्सिलेट नावाचे रसायन घालतात. ते पाणी वाचवते खरे, पण गुणाने साबणाच्या गोत्रातले. ढवळले की फेसाळते. मग पहिल्या रसायनाने आणलेली हवा हाकलायला दुसरे रसायन आणावे लागते. तेच फेसनाशक: सिलिकॉन तेल, ट्रायब्युटिल फॉस्फेट किंवा तत्सम काही. पाण्यात न मिसळणे हाच त्याचा मोठा गुण. त्याचा सूक्ष्म थेंब बुडबुड्याच्या पडद्यात घुसतो, पसरतो, पडद्याला धरून ठेवणारे साबणी रेणू बाजूला सारतो. पडदा पातळ होऊन फुटतो. उसाच्या जिल्ह्याला हे नवे सांगायला नको. काहिलीतला रस उतू जाऊ लागला, की गुळव्या त्यात एरंडेलाचे चार थेंब टाकतो आणि उसळलेला फेस खाली बसतो. गुळव्याने त्यावर शोधनिबंध लिहिला नाही, एवढेच.

मात्र जो न मिसळण्याचा गुण, तोच दोष. साइटवर या दोन्ही रसायनांचे एकत्र पिंप उन्हात पडून राहिले, की फेसनाशक वर तरंगते. वरचा माल घेणाऱ्याच्या काँक्रीटला त्याची भरमसाट मात्रा. तळाचा घेणाऱ्याच्या वाट्याला नुसता फेस. म्हणून पिंप रोज ढवळावे, असे शास्त्र सांगते. कोणी ढवळावे, हे सांगत नाही. कंत्राटदाराच्या मते ते सुपरवायझरचे काम, सुपरवायझरच्या मते बिगाऱ्याचे, आणि बिगारी नेमका जेवायला गेलेला असतो.

राखेचाही एक उपपक्ष आहे. दक्षिण सोलापुरातल्या फताटेवाडीजवळ एनटीपीसीचे 1320 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. अशा केंद्रांची राख सिमेंटमध्ये जाते. राखेत न जळलेला कोळसा राहिला, तर तो फेस धरणारे रेणू शोषून घेतो. थंड देशांतले अभियंते यावर कपाळाला हात लावतात, कारण विकत घेतलेली हवाच गायब होते. आपल्याकडे हाच अवगुण फुकटचा फेसनाशक ठरू शकतो. अर्थात कोळसा फार झाला तर तो पाणी आणि महागडे रसायनही पिऊ लागतो, तेव्हा राखेची स्तुती जपून करावी.

आमचा निर्णय असा, की फेसनाशकाने फेस मरतो, आळस मरत नाही. सेंट्रिंगची फळी काढल्यावर कॉलमच्या तळाशी उघडी खडी दिसते, ती व्हायब्रेटर न फिरल्यामुळे. तिथे सिलिकॉनचा इलाज नाही. एका मिस्त्रीपुढे हा सिद्धान्त मांडला, तेव्हा ते म्हणाले, ‘‘व्हायब्रेटर आहे की ओ साहेब, लाइट कुठाय?’’ या आक्षेपाला उत्तरपक्ष अद्याप सापडलेला नाही.